योग्य वेळ आल्यावर

बी. कॉम. झालेल्या माणसाने शेक्सपिअरवर मत देऊ नये, असा आपल्याकडे एक अलिखित नियम आहे. आर्ट्सवाल्यांनी ठेवींच्या व्याजदरावर खुशाल बोलावं. आमच्या काउंटरवर येणारा प्रत्येक प्राध्यापक बोलतोच. पण आम्ही नुसतं 'रोमिओ आणि ज्युलिएट' म्हटलं, की समोरचा अशा नजरेनं बघतो, जणू आम्ही त्याच्या खात्यातून परस्पर रक्कम काढली. तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकतो, की मी हे नाटक वाचलेलं आहे. चांगलं तीनदा. पहिल्यांदा टिपांसकट, दुसऱ्यांदा टिपा वगळून आणि तिसऱ्यांदा लोकलमध्ये, हातात पेन्सिल घेऊन. पेन्सिल हातात आली, की आमच्यातला कारकून जागा होतो. मग चंद्र, गुलाब, बुलबुल यांच्यावरून नजर घसरते आणि तारखा, वेळा, रकमा आणि कागदपत्रं यांच्यावर जाऊन बसते.

आणि वाचकहो, त्या नजरेनं बघितलं, तर हे नाटक म्हणजे ऑडिटरला मेजवानी आहे.

तारखाच घ्या. रविवारी रात्री मेजवानीत ओळख. सोमवारी दुपारी लग्न. लग्नाला तास होतो न होतो तोच नवरदेवाच्या हातून बायकोच्या मामेभावाचा खून. मंगळवारी पहाटे नवरा हद्दपार, मंगळवारी रात्री बायको झोपेचं औषध घेते, बुधवारी तिची अंत्ययात्रा आणि गुरुवारच्या रात्री दोघांचाही कारभार आटोपलेला. आमच्याकडे नवीन चेकबुक यायला याहून जास्त दिवस लागतात. शेक्सपिअरने ज्या दीर्घ कवितेवरून ही गोष्ट उचलली, ती आर्थर ब्रूकची १५६२ सालची कविता. तिच्यात हेच प्रकरण काही महिने चालतं. शेक्सपिअरने महिन्यांचे दिवस केले. ब्रूकची ज्युलिएट १६ वर्षांची होती, तीही त्याने आणखी लहान करून चौदाच्या आत आणली. आमच्या भाषेत अज्ञान खातेदार. तिच्या बाबतीत काही बरंवाईट झालं, तर विचारणा तिला होत नाही, पालकाला होते. हा मुद्दा मी पेन्सिलीने समासात लिहून ठेवला आहे, कारण पुढे तो लागणार आहे.

ते झोपेचं औषध ४२ तासांचं. मंगळवारी रात्री घेतलं, तर अंमल गुरुवारी संध्याकाळपर्यंत उतरायला हवा. बाईसाहेब जाग्या होतात त्यानंतर बऱ्याच वेळानं, रात्री. मी तीन वेळा बेरीज करून पाहिली. चारशे वर्षांत जमलेल्या पंडितांनाही ती जुळवता आलेली नाही, तेव्हा नाद सोडला.

तर या सगळ्या प्रकाराला जबाबदार कोण? आमच्या शाखेत काहीही भानगड झाली, की पहिल्यांदा हा प्रश्न निघतो आणि शेवटपर्यंत तोच उरतो. जगाने या प्रकरणात आरोपी केव्हाच ठरवून टाकले आहेत. कोणी म्हणतं पोरांचं उतावळं प्रेम, कोणी म्हणतं घराण्यांचं वैर आणि उरलेले सगळे ग्रहांकडे बोट दाखवतात. ग्रहांचं सोडा. नाटकाच्या सुरुवातीलाच एक गृहस्थ येऊन १४ ओळींत सांगून जातो, की ही पोरं वाईट नक्षत्रावर जन्मली आहेत आणि शेवटी मरणार आहेत. म्हणजे आधी शिल्लक वाचून दाखवायची आणि मग खतावणी उघडायची. ग्रहांना दोष देण्याची सोय अशी की ते चौकशीला हजर राहत नाहीत.

वैराचं म्हणाल, तर ते कशावरून झालं हे पाच अंकांत एकदाही कोणी सांगत नाही. आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरची दोन बिऱ्हाडं गेली कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. कारण विचारलं, तर दोघंही विचारात पडतात. बहुधा पाण्याच्या पाइपवरून झालं असावं. व्हेरोनातलंही वैर तसंच विटलेलं आहे. पहिल्या प्रवेशात म्हातारा कॅप्युलेट तलवार मागतो, तेव्हा त्याची बायकोच त्याला सुनावते, की तलवार कसली मागता, कुबडी मागा. पुढे तो स्वतःच म्हणतो, आमच्या वयाच्या माणसांना गुण्यागोविंदानं राहायला कठीण काय आहे? त्याच रात्री मेजवानीत रोमिओ घुसल्याचं कळल्यावर तो पुतण्यासारख्या टिबाल्टला दटावतो, की पोरगा चांगला आहे असं गावात म्हणतात, त्याला हात लावायचा नाही. वैर म्हणावं, तर हे एवढंच. ते जिवंत ठेवलं होतं नोकरांनी आणि बिनकामाच्या तरुणांनी.

राहता राहिला पोरांचा उतावळेपणा. तो आहेच, मी नाकारत नाही. रोमिओ तर रविवारी संध्याकाळपर्यंत रोझालिन नावाच्या भलत्याच मुलीसाठी उसासे टाकत होता. पण ज्युलिएटचं बोलणं नीट वाचा. ही पोरगी त्या रात्री खिडकीतून स्वतःच म्हणते, की हे फार अचानक होतंय, मला याचा भरवसा वाटत नाही. (खिडकीतूनच. 'बाल्कनी' हा शब्द या नाटकात कुठेही नाही. ती सज्ज्याची वास्तू नंतरच्या लोकांनी बिनपरवाना वाढवलेली आहे.) रोमिओ चंद्राच्या शपथा घेत असतो, आणि ही त्याला विचारते, उद्या निरोप घ्यायला माणूस किती वाजता पाठवू? नऊ वाजता, असं ठरतं. आमच्या खात्यात परीक्षेला बसली असती, तर पहिल्या झटक्यात पास झाली असती.

खरा उतावळा कोण म्हणाल, तर ज्युलिएटचा बाप. पॅरिस नावाचं स्थळ आलं, तेव्हा हा शहाण्यासारखं म्हणतो, पोर लहान आहे, दोन वर्षं थांबा, तिची पसंती घ्या. हे रविवारचं बोलणं. सोमवारी रात्री हाच माणूस तिला न विचारता लग्न गुरुवारचं ठरवून टाकतो. मंगळवारी सकाळी ती नको म्हणते, तर सांगतो, चालती हो, रस्त्यावर भीक मागून मर. आणि संध्याकाळी ती खोटंखोटं हो म्हणते, तर आनंदाच्या भरात लग्न एक दिवस अलीकडे ओढतो. गुरुवारचं बुधवार. त्या एका दिवसाची किंमत पुढे किती झाली, ते सगळ्यांना माहीत आहे. पण उतावळं म्हणून नाव मात्र पोरांचं झालं.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो. तो म्हणजे टपाल.

या नाटकात चार कागद एका हातातून दुसऱ्या हातात जातात, आणि एकही धड जात नाही. पहिला कागद मेजवानीच्या आमंत्रितांची यादी. कॅप्युलेट ती नोकराकडे देतो आणि सांगतो, जा, सगळ्यांना बोलावून ये. नोकराला वाचता येत नाही. मालकाला हे सांगायची सोय नाही, म्हणून तो रस्त्यात जो पहिला बरा माणूस भेटतो, त्याला गाठून म्हणतो, जरा वाचून दाखवता का? आमच्या काउंटरवर रोज पाच-दहा जण स्लिप पुढे सरकवून हेच म्हणतात, त्यामुळे हा नोकर मला अगदी घरचा वाटला. तो बरा माणूस निघतो रोमिओ. यादीत रोझालिनचं नाव दिसतं, म्हणून स्वारी बिनआमंत्रणाची मेजवानीला जाते आणि तिथे ज्युलिएट दिसते. दुसरा कागद टिबाल्टचा. रोमिओला द्वंद्वाचं आव्हान देणारं पत्र तो माँटेग्यूंच्या घरी पाठवतो. रोमिओ त्या रात्री घरी फिरकलेलाच नाही, आणि त्याने ते पत्र उघडल्याचा कुठे उल्लेखही नाही. तो आपला लग्न करून खुशीत चौकात येतो, तर समोर भांडण तयार.

तिसरा कागद सगळ्यात प्रसिद्ध. ज्युलिएट मेलेली नाही, झोपलेली आहे, येऊन तिला घेऊन जा, असं फ्रायर लॉरेन्सचं रोमिओला पत्र. रोमिओ मँटुआला, व्हेरोनापासून अंतर साधारण ४० किलोमीटर, म्हणजे डोंबिवलीहून फोर्टात जायला लागतं त्याहून थोडं कमीच. पत्र घेऊन निघतो फ्रायर जॉन. वाटेत सोबतीला म्हणून तो आपल्या पंथातल्या एका बंधूला शोधायला जातो. तो बंधू आजाऱ्यांच्या भेटीला गेलेला. गावच्या आरोग्य अधिकाऱ्यांना संशय येतो, की हे घर प्लेगचं. ते बाहेरून दार बंद करून टाकतात. फ्रायर जॉन पत्रासकट आत. शेक्सपिअरच्या प्रेक्षकांना यात काही विशेष वाटलं नसणार; १५९२ ते १५९४ या काळात लंडनची नाटकगृहंच प्लेगपायी बहुतेक बंद होती. आपल्यालाही २०२० सालानंतर वेगळं समजावून सांगायला नको. आपणही इमारतींना बांबू बांधलेले पाहिले आहेत आणि दुधाची पिशवी काठीच्या टोकानं घेतली आहे. शेवटी फ्रायर जॉन सुटतो आणि पत्र जसंच्या तसं पाठवणाऱ्याच्या हातात परत देतो. तोवर रोमिओला त्याच्या नोकराकडून अर्धीच बातमी कळलेली असते, आणि ४० डुकाट मोजून विष घेऊन तो निघालेला असतो.

चौथा कागद रोमिओने मरण्याआधी वडिलांना लिहिलेला. हा एकच पोचतो, तोही आधी राजाच्या हातात पडतो.

फ्रायर जॉनवर पुष्कळ जण खापर फोडतात. मला त्याचा राग येत नाही. साहेब लोकांनी घातलेला घोळ शेवटी टपाल नेणाऱ्या शिपायाच्या नावावर चढतो, हे मी वीस वर्षं पाहतो आहे. चौकशी करायचीच, तर निराळी करायला हवी. एका पोरीच्या जिवाचा प्रश्न एका पाकिटावर लोंबकळत कोणी ठेवला? पत्रं रोज चुकतात. चुकलेल्या पत्राने माणूस मरतो तो केव्हा, तर त्यातला मजकूर आणखी कोणालाच माहीत नसतो तेव्हा.

म्हणून माझ्या पेन्सिलीची सगळ्यात जास्त टोकं मोडली ती फ्रायर लॉरेन्सपाशी.

हा फ्रायर माणूस भला आहे, यात वाद नाही. पहाटे उठून टोपली घेऊन औषधी पाला गोळा करतो. गावात सगळ्यांचा सल्लागार. असा एक माणूस आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असतो. कोणाचं घरचं भांडण, कोणाच्या भावाभावांची वाटणी, कोणाच्या मुलीचं जमत नाही, सगळे त्याच्याकडे जातात. त्याला मनापासून सगळ्यांचं बरं व्हावं असं वाटतं. फक्त ते होताना कोणाला त्याचा राग येऊ नये, एवढी एक अट असते.

रोमिओ सोमवारी सकाळी येऊन म्हणतो, माझं लग्न लावा. फ्रायर आधी त्याची थट्टा करतो, की काल तर दुसरीच होती. मग म्हणतो, बरं, लावतो; या लग्नानं दोन घराण्यांचं वैर मिटेल. हेतू सोन्यासारखा आहे. पण वाचकहो, गुपचूप लावलेल्या लग्नानं वैर मिटणार कसं? ज्यांचं वैर आहे, त्यांना ते कळायला नको का? यावर फ्रायरचं उत्तर नाटकात पुढे येतं. रोमिओला हद्दपारीची शिक्षा झाल्यावर तो त्याला समजावतो, की तू मँटुआला जाऊन राहा. योग्य वेळ आल्यावर आम्ही लग्न जाहीर करू, दोन्ही घरं जुळवू, राजाची माफी मागू.

योग्य वेळ आल्यावर! हे शब्द वाचले, आणि कल्याणच्या पुढे गाडी गेल्याचं मला कळलं नाही.

कारण त्या माणसासमोर योग्य वेळ एकदा नव्हे, अनेकदा येऊन उभी राहते. मंगळवारी पॅरिस स्वतः त्याच्याकडे येतो आणि गुरुवारचा मुहूर्त सांगतो. फ्रायरने एवढंच म्हणायचं होतं, की बाबा रे, या मुलीचं लग्न झालंय, मीच लावलंय. तो म्हणतो काय, तर घाई फार होतेय बुवा. मग ज्युलिएट येते आणि सुरी उपसून म्हणते, दुसरं लग्न करण्यापेक्षा मी मरते. फ्रायर तिच्या हातात बाटली देतो. बुधवारी सकाळी तो लग्न लावायला म्हणून कॅप्युलेटच्या घरी जातो. तिथे आई रडतेय, दाई रडतेय, बाप रडतोय. मुलगी जिवंत आहे हे त्या घरात एकट्या याला ठाऊक. हा उभा राहून प्रवचन देतो, की रडू नका, ती स्वर्गात सुखी आहे. सकाळी मुलीच्या शोकानं वेडावलेला बाप, लग्नाचं सामान अंत्यविधीला वापरणारा बाप, त्या क्षणी काय ऐकायला तयार झाला नसता? 'मुलगी जिवंत आहे, पण तिनं माँटेग्यूच्या पोराशी लग्न केलंय' यातला पुढचा अर्धा भाग कदाचित त्याच्या कानातही शिरला नसता. याहून बरी वेळ पंचांगात सापडायची नाही.

आणि गंमत म्हणजे, ही सगळी मेख त्या चौदा वर्षांच्या आतल्या पोरीच्या लक्षात आलेली असते. बाटली तोंडाला लावण्याआधी तिच्या मनात येतं: हे खरोखरचं विष तर नसेल? आपण लावलेलं लग्न उघडकीला येऊ नये म्हणून फ्रायरने मला मारायचं तर ठरवलं नसेल? मग तीच मनाला समजावते, नाही, तो साधू माणूस आहे, आणि पिऊन टाकते. विषाबद्दलचा तिचा संशय खोटा होता. पण त्या माणसाला कशाची भीती वाटते, हे तिला अगदी बरोबर कळलं होतं. गुरुवारी रात्री थडग्यात ती जागी होते. शेजारी रोमिओ मरून पडलेला. बाहेर पहारेकऱ्यांचा आवाज येतो. फ्रायर म्हणतो, चल, तुला जोगिणींच्या मठात ठेवतो, लौकर चल, मला आता थांबता येत नाही. ती हलत नाही. तो जातो. पुढचं काम ती एकटीच, रोमिओच्या खंजिरानं उरकते.

मग तो पकडला जातो. राजासमोर म्हणतो, थोडक्यात सांगतो, आणि चाळीसेक ओळी बोलतो. हकिगत अगदी खरी सांगतो, काही लपवत नाही. नाटकात पहिल्यांदाच सगळी गोष्ट सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात सांगितली जाते, आणि ती ऐकताच दोन म्हातारे एकमेकांचे हात हातात घेतात. म्हणजे नुसतं सांगितल्याने मिटण्यासारखं होतं की नाही? राजा त्याला म्हणतो, तू साधू म्हणून आम्हांला ठाऊकच आहेस. त्याची सुटका. दाईचंही तसंच. तिनं दोरीची शिडी आणली, निरोप पोचवले, सगळं केलं. आणि बाप रागावल्यावर पोरीला सल्ला दिला, की पॅरिस काय वाईट आहे, करून टाक. अंगाशी येईपर्यंत मदत करणाऱ्या माणसांची या नाटकात अगदी रेलचेल आहे.

शेवटी काय, तर माँटेग्यू म्हणतो, मी ज्युलिएटचा शुद्ध सोन्याचा पुतळा उभारतो. कॅप्युलेट लगेच म्हणतो, मग मी रोमिओचा उभारतो. तारण म्हणून सोनं चांगलंच. पण कर्जदार दोन्हीही जिवंत नाहीत. व्हेरोनात आज सोन्याचा पुतळा नाही. ज्युलिएटचं म्हणून एक घर दाखवतात, त्याला विसाव्या शतकात सज्जा बसवला आहे, आणि अंगणात १९७२ सालचा तिचा ब्राँझचा पुतळा होता. प्रवाशांनी हात लावून लावून तो इतका झिजवला, की २०१४ साली तिथे नक्कल ठेवावी लागली. पण मला त्या गावातली वेगळीच गोष्ट मोह घालते. जगभरातून लोक ज्युलिएटच्या नावाने पत्रं लिहितात. 'ज्युलिएट, व्हेरोना' एवढ्या पत्त्यावर ती पोचतात. तिथे एक मंडळ आहे, त्याचे स्वयंसेवक बसून त्या पत्रांना उत्तरं पाठवतात. वर्षाला हजारो. जिच्या नवऱ्याला एक पत्र वेळेवर मिळालं नाही, तिच्या नावाचं टपाल आता एकही न चुकता येतं. काय लिहीत असतील लोक? बहुतेक हेच, की घरी कसं सांगू?

हे सगळं मी एका रात्री जेवताना आमच्या हिला सांगितलं. ही मराठी घेऊन एम. ए. झालेली आहे, त्यामुळे माझ्या शेक्सपिअरकडे ती मोठ्या उदारपणे बघते. सगळं ऐकून घेतलं आणि आमटी वाढता वाढता म्हणाली, "आणि फ्रायरनं सांगितलं असतं, आणि त्या बापानं पोरीचा गळाच दाबला असता, म्हणजे?"

मी घास हातात धरून बसलो. हा मुद्दा माझ्या समासात नव्हता. वर्तमानपत्रात आठवड्याआड असं काही वाचतोच आपण. सगळीच माणसं सांगण्यासारखी नसतात, आणि गुप्तता हा काही ठिकाणी जीव वाचवण्याचा एकमेव मार्ग असतो. कोणता बाप कोणत्या प्रकारचा, हे आधी ओळखायचं कसं? रविवारचा कॅप्युलेट पाहिला असता, तर कोणीही म्हणालं असतं, किती समंजस माणूस आहे.

आणि मला हा प्रश्न निव्वळ पुस्तकातला राहिलेला नव्हता. त्याच आठवड्यात आमच्या एका जुन्या सहकाऱ्याची मुलगी मला बँकेत येऊन भेटली होती. चोवीस-पंचवीस वर्षांची, नोकरी करणारी, लहानपणी माझ्या खांद्यावर बसून गणपती बघितलेली. मुलगा तिच्याच ऑफिसातला. चांगला आहे, फक्त तिच्या बाबांच्या व्याख्येप्रमाणे 'आपल्यातला' नाही. दोघांनी नोंदणी पद्धतीनं लग्न करायचं ठरवलं होतं. १९५४ च्या स्पेशल मॅरेज ॲक्टखाली आधी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, ती विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत लावतात, आणि लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात. दोन मिळाले होते.

"काका, तिसरी सही तुमची हवी."

"बाबांना सांगितलंस?"

"नंतर सांगू. त्यांचं बी. पी. आहे ना. योग्य वेळ आल्यावर."

मी शेक्सपिअर वाचला नसता, तर त्याच काउंटरवर हो म्हणून मोकळा झालो असतो. कायद्यानं ती सज्ञान, मुलगा चांगला, माझं काय जातंय? एक सही. आणि तिच्या बाबांनी पुढेमागे विचारलंच, तर मी आहेच साधू माणूस. मी तिला म्हटलं, "सही करतो. त्याला अट नाही. पण एक विचारू? बाबांना सांगायची भीती वाटते ती कशाची? ते ओरडतील याची, की हात उचलतील याची?"

तिनं बराच वेळ विचार केला. मागे रांग वाढत होती आणि एक आजोबा पासबुक आपटत होते. मग म्हणाली, "ओरडतील. महिनाभर बोलणार नाहीत. घराबाहेर काढतील कदाचित. मारणार नाहीत."

"मग बाहेर काढलं, तर आमच्याकडे ये. आणि ते सांगताना मी तिथे बसतो. तुला हवं असेल तर. तू नको म्हणालीस, तर मी एक शब्द बोलणार नाही, आणि सही ठरल्याप्रमाणे."

"तुमची दोस्ती जाईल, काका."

गाडीत वीस वर्षं आम्ही एका बाकावर बसलो आहोत. माझा डबा तो खातो आणि त्याचा मी. त्याचा आवाज मला माहीत आहे. तिकीट तपासनिसाला तो एकदा जे बोलला, ते आठवलं, की अजून मी खिडकीबाहेर बघतो. तेव्हा दोस्ती जाण्याची शक्यता भरपूर होती, आणि ती मुलीनं बरोबर ओळखली होती. मी काही बोललो नाही. तिच्या पासबुकात नोंदी छापून दिल्या.

दोन दिवसांनी तिचा मोबाइलवर निरोप आला: रविवारी सकाळी दहा वाजता, बाबा घरी असतील, याल ना? मी येतो म्हणून लगेच लिहिलं, आणि निळ्या टिका उमटेपर्यंत मोबाइल हातातून खाली ठेवला नाही. बिचाऱ्या फ्रायर जॉनच्या वेळी ही सोय नव्हती.

आमच्या हिला सांगितलं, तेव्हा तिनं काही न बोलता बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावरची जुनी वर्तमानपत्रं उचलली आणि धुतलेली चादर घातली. रविवारी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून चपला शोधत होतो, तर कप घेऊन दारात आली.

"एवढा चहा पिऊन निघा," म्हणाली. "तिथे आज मिळेलच असं नाही."